जुना कॉम्प्युटर, थोडे अपग्रेड आणि टेक्नॉलॉजी शेअर : एकाच घराचे दोन वेगळे हिशेब

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या हळदीच्या अडत दुकानातला कॉम्प्युटर उघडला, तर प्रोसेसरवरच्या पंख्यावर पिवळ्या पुडीचा इतका जाड थर सापडतो की खालची अ‍ॅल्युमिनियमची पाती दिसतच नाहीत. मालकाचे म्हणणे मात्र ठरलेले असते की मशीन जुने झाले, आता नवेच घ्यायला हवे. पुष्कळदा ब्रश, ब्लोअर, थर्मल पेस्टचा (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणाऱ्या लेपाचा) नवा थर आणि एक एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) एवढ्यावर ते मशीन आणखी तीन-चार वर्षे चालते. चहा येईपर्यंत त्याच बैठकीत दुसरा प्रश्न निघतो : सगळेच कॉम्प्युटर बदलत आहेत, तर कॉम्प्युटरच्या धंद्यातल्या कंपन्यांचे शेअर घ्यावेत का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्क्रू ड्रायव्हरने मिळते आणि दुसऱ्याचे ताळेबंदातून. या दोन्हींची सरमिसळ केली की पैसा दोन्हीकडून जातो, म्हणून इथे ते क्रमाने घेतले आहेत. मी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, नोंदणीकृत सल्लागार नाही. खाली आलेली कंपन्यांची नावे उदाहरणादाखल आहेत, खरेदीची शिफारस म्हणून नाहीत.

आधी दुखणे कुठे आहे ते पाहावे

काहीही विकत घेण्यापूर्वी मशीन रोजच्यासारखे वापरात असताना मोजावे. टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर), ब्राउझरचे आठ-दहा टॅब आणि एखादी एक्सेल फाइल उघडी ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात दहा मिनिटे नजर ठेवावी. डिस्कचा आकडा सारखा १०० टक्क्यांवर चिकटून राहत असेल, तर दोष जुन्या हार्ड डिस्कचा आहे. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर रॅम अपुरी आहे. प्रोसेसर शंभरावर अडकून पंखा ओरडत असेल, तर आधी धूळ आणि तापमान पाहावे आणि त्यानंतरच प्रोसेसरला बोल लावावा. कॉम्प्युटर रोज तारीख विसरत असेल आणि त्यामुळे बँकेची साइट सुरक्षिततेचा इशारा देत असेल, तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी बदलावी. घड्याळाच्या दुकानातही मिळणाऱ्या या बॅटरीपायी लोक विंडोज दोनदा फॉरमॅट मारून घेतात, हे मी पाहिले आहे.

जुन्या घरगुती मशीनमध्ये बहुतेक वेळा डिस्कच दोषी निघते. फिरती हार्ड डिस्क एक मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला साधारण १०० ते १५० मेगाबाइट देते, पण विंडोज सुरू होताना तिला हजारो लहान फाइली शोधाव्या लागतात आणि तेव्हा तिचे डोके इकडून तिकडे फिरण्यातच वेळ जातो. साटा या, हार्ड डिस्कसाठीही वापरल्या जाणाऱ्या, जोडणीवर चालणारा एसएसडी सेकंदाला सुमारे ५०० मेगाबाइट देतो, पण त्याचा खरा फायदा या डोके फिरवण्यापासून सुटका होण्यात आहे. सहा-सात वर्षांपूर्वीचे मशीन असेल, तर साटा एसएसडी पुरेसा आहे. मदरबोर्डवर एम-२ ची (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची) खाच असेल आणि ती एनव्हीएमई हा अधिक वेगवान प्रकार स्वीकारत असेल, तरच त्या प्रकाराकडे जावे. कार्यालयीन आणि घरगुती कामात या दोहोंतला फरक क्वचितच जाणवतो, त्यामुळे दुकानदाराने तो कितीही रंगवून सांगितला तरी त्यासाठी मदरबोर्ड बदलू नये.

डिस्क बदलताना काय सांभाळावे

इथे घाई केली तर नुकसान पैशांचे नसून माहितीचे होते, म्हणून हा भाग सावकाश करावा. टॅलीचा डेटा फोल्डर, फोटो, डिजिटल स्वाक्षरीचे सॉफ्टवेअर, ब्राउझरमधले पासवर्ड आणि छपाईचे काम करणाऱ्यांच्या बाबतीत श्रीलिपीसारख्या मराठी फॉन्टचा परवाना या सगळ्यांची यादी कागदावर करावी आणि प्रत्येकाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावी. प्रत घेतली आणि ती उघडते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधीच लिहून घ्यावी, कारण ती नसेल तर आपलीच डिस्क आपल्याला कुलूपबंद होते.

त्यानंतर दोन मार्ग राहतात. यूएसबीला जोडणाऱ्या साटा केबलने नवा एसएसडी बाहेरून लावून जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करता येते. कामाची सॉफ्टवेअर बरीच असतील आणि त्यांचे परवाने जागच्या जागी राहायला हवे असतील, तर हा मार्ग सोयीचा आहे. मशीनमध्ये नको त्या गोष्टींचा कचरा साठला असेल, तर नव्याने विंडोज टाकणे बरे. काम झाल्यावर जुनी डिस्क लगेच पुसू नये. निदान महिनाभर ती तशीच ठेवावी आणि मग स्वस्तातल्या बाहेरच्या केसमध्ये घालून बॅकअपसाठी वापरावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी ज्या घरांत शिरले, त्यांना ही डिस्क माळ्यावर ठेवायला सांगावे लागत नाही.

रॅमच्या बाबतीत एकच नियम कडक आहे : डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या रॅमच्या पिढ्या एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर कोणता प्रकार आहे आणि किती खाचा भरल्या आहेत ते दाखवते. साध्या कामाला ८ जीबी चालते, १६ जीबी असली की पुढची काही वर्षे बघावे लागत नाही. एकाच मोठ्या पट्टीऐवजी सारख्या दोन पट्ट्या लावल्या, तर प्रोसेसर दोन्हींवर एकाच वेळी काम करतो आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालणाऱ्या मशीनला त्याचा चांगला फायदा होतो. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, तिथे वाढवण्याचा प्रश्नच येत नाही. ओळखीच्या माणसाकडून वापरलेली पट्टी घेण्यात काही गैर नाही. मात्र रात्रभर मेमरी टेस्ट चालवून एकही चूक निघाली नाही, तरच पैसे द्यावेत.

वळवाच्या पावसात विजेचा लपंडाव सुरू झाला की जळतो तो बहुधा स्वस्त एसएमपीएस (कॉम्प्युटरचा वीजपुरवठ्याचा डबा), आणि तो जाताना सोबत मदरबोर्डही नेतो. नवा एसएसडी टाकण्यापूर्वी अर्थिंग तपासून घ्यावे आणि यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षे जुनी असेल तर बदलावी.

विंडोजची तारीख आणि तिच्यामुळे आलेली मागणी

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती वापरकर्त्यांनी नोंदणी केल्यास सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय कंपनीने ठेवली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय), सिक्युअर बूट (खात्रीच्या सॉफ्टवेअरनेच मशीन सुरू होऊ देणारी सोय) आणि साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका आणि त्यापुढचा प्रोसेसर लागतो. चांगले चालणारे कितीतरी कॉम्प्युटर केवळ या अटीमुळे बाद ठरले आणि ठिकठिकाणच्या दुकानांत खरेदीची लाट आली.

आपले मशीन खरोखर बाद आहे का, हे आधी पडताळावे. पुष्कळ मदरबोर्डांवर टीपीएमची सोय असते, पण बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, ती बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर ती पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने सापडते. जुन्या पद्धतीने, म्हणजे एमबीआर प्रकारात विभागलेली डिस्क असेल, तर ती जीपीटी प्रकारात बदलल्याशिवाय सिक्युअर बूटकडे जाता येत नाही. त्यासाठी विंडोजमध्येच साधन आहे, तरी बॅकअपशिवाय त्याला हात लावू नये. प्रोसेसरच यादीत बसत नसेल आणि काम केवळ ब्राउझर, मेल आणि मुलांचा अभ्यास एवढेच असेल, तर लिनक्स मिंट फुकट मिळते आणि त्यात युनिकोड मराठी व्यवस्थित टंकता येते. टॅलीवर चालणाऱ्या दुकानाने आणि जुन्या फॉन्टवर पत्रिका छापणाऱ्याने मात्र या वाटेला जाऊ नये.

नवेच घ्यायचे ठरले, तर घरगुती बजेटात तीन पर्याय मला पटतात. कार्यालयांतून निघालेले आठव्या पिढीचे किंवा त्यापुढचे रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेले, डेस्कटॉप दणकट असतात. मात्र काहींचा वीजपुरवठ्याचा भाग कंपनीच्या खास मापाचा असतो आणि तो बिघडला की गावात बदली मिळत नाही, हे विचारून घ्यावे. इंटेलच्या एन-१०० प्रोसेसरचा मिनी पीसी पुस्तकाएवढा असतो आणि त्याच्या प्रोसेसरची वीजमर्यादा अवघी ६ वॅट आहे. हिशेब, व्हिडिओ आणि ऑनलाइन अर्ज यांना तो पुरतो. ज्यांना फोटो-व्हिडिओ संपादन करायचे आहे, त्यांनी ग्राफिक्स अंतर्भूत असलेल्या रायझनचा किंवा कोअर आय-५ चा असेंबल्ड संच घ्यावा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ हे अक्षर असते, त्यात ग्राफिक्स नसते. तो थोडा स्वस्त मिळाला म्हणून घरी आणल्यावर पडदा काळाच राहतो आणि वेगळे कार्ड घेण्यासाठी पुन्हा दुकान गाठावे लागते.

कॉम्प्युटर धंद्यासाठी असेल, तर पक्के बिल घ्यावे. त्यावरच्या १८ टक्के जीएसटीचे क्रेडिट नोंदणीकृत व्यापाऱ्याला मिळते आणि आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के दराने घसारा धरता येतो.

आपण दिलेला पैसा जातो कुणाकडे

समजा, आपण ४,७२० रुपयांचा एसएसडी घेतला. त्यातले ७२० रुपये जीएसटी. उरलेल्या ४,००० रुपयांत गावातला दुकानदार, त्याचा वितरक, आयातदार, एसएसडीवर आपले नाव छापणारी कंपनी, कंट्रोलर चिप बनवणारी कंपनी आणि मेमरी चिप घडवणारी कंपनी असे सगळे वाटेकरी असतात. दुकानात गर्दी दिसली म्हणून यांतल्या कुणाचा नफा वाढला, हे त्या गर्दीवरून कळत नाही. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी त्या साखळीत कुठे उभी आहे आणि तिच्या एकूण उत्पन्नात घरगुती कॉम्प्युटरचा वाटा किती, हे आधी शोधावे लागते.

एनव्हिडियाचे उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीची विक्री सुमारे १३०.५ अब्ज डॉलर होती. त्यातले सुमारे ११५ अब्ज डेटा सेंटरमधून आले आणि गेमिंगमधून ११ अब्जांच्या आसपास. सांगलीच्या विश्रामबागेतल्या प्रत्येक मुलाने नवे ग्राफिक्स कार्ड घेतले, तरी या आकड्यात काही हलणार नाही.

दुसरीकडे मेमरीचा धंदा सांगलीकराला चटकन कळावा असा आहे, कारण तो हळदीसारखा चालतो. एका वर्षी हळदीला दर मिळाला की पुढच्या वर्षी लागवड वाढते, माल एकदम यार्डात येतो आणि सौद्यात दर कोसळतो. पूर्वी अशा वेळी हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, माल साठवून लोक तेजीची वाट पाहत. डीरॅम, म्हणजे रॅमच्या पट्टीवरच्या, चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मुख्यतः तीनच आहेत : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यांचा कारखाना उभा राहायला काही वर्षे लागतात, त्यामुळे तेजीत ठरवलेले उत्पादन बऱ्याचदा मंदीत बाजारात येते. मायक्रॉनने आपल्या २०२२ च्या आर्थिक वर्षात सुमारे ८.७ अब्ज डॉलर नफा मिळवला आणि लगेच पुढच्या, २०२३ च्या वर्षात विक्री जवळपास निम्म्यावर येऊन सुमारे ५.८ अब्ज डॉलर तोटा सोसला. २०२५ च्या उत्तरार्धात चित्र पुन्हा उलटले : एआयच्या सर्व्हरना मेमरी कमी पडू लागली, घरगुती रॅमचे भाव भडकले आणि मायक्रॉनने डिसेंबरमध्ये आपला क्रुशल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. रॅमची पट्टी महाग झाली याचे कारण घरगुती ग्राहकांची गर्दी नव्हते, तर ग्राहकाकडे पाठ फिरवून माल दुसरीकडे गेला, हे होते.

अशा चढउताराच्या धंद्यात शेअरचा भाव आणि प्रतिशेअर नफा यांचे गुणोत्तर, ज्याला बाजारात पीई म्हणतात, नवख्याला हमखास चकवते. नफा शिखरावर असताना पीई कमी दिसतो आणि शेअर स्वस्त वाटतो. तोट्याच्या वर्षात पीई निघतच नाही. म्हणून एका वर्षाच्या नफ्यावर न जाता निदान सात-आठ वर्षांची सरासरी आणि कर्जाचा आकडा पाहावा. शिवाय विंडोज १० ची शेवटची तारीख बाजाराला काही वर्षे आधीपासून ठाऊक होती. आपल्याला जी गोष्ट दुकानात कळते, ती शेअरच्या भावात बहुधा आधीच मिसळलेली असते.

हे मी स्वतःच्या पैशांनी शिकलो. २०२१ मध्ये ऑनलाइन शाळेमुळे आमच्या इमारतीत मजल्यागणिक एक लॅपटॉप आला आणि मी उत्साहाने त्या व्यवसायातल्या एका कंपनीचे शेअर घेतले. ज्याला लॅपटॉप हवा होता त्याने तो घेऊन झाला होता आणि पुढची चार-पाच वर्षे तो दुसरा घेणार नव्हता, हे माझ्या डोळ्यांसमोर असूनही मला दिसले नाही. २०२२ मध्ये जगभर पीसीची विक्री घसरली.

गुंतवणूक करायचीच असेल तर

प्रथम पैसा कुठून येणार ते ठरवावे. समजा, नव्या डेस्कटॉपसाठी ४५,००० रुपये बाजूला ठेवले होते आणि अपग्रेड ९,००० मध्ये झाले. उरलेल्या ३६,००० मधून ६,००० यूपीएस किंवा डिस्कच्या पुढच्या बिघाडासाठी राखावेत आणि ३०,००० चे २,५०० प्रमाणे बारा हप्ते करावेत. घरात क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल किंवा सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज नसेल, तर हा पैसा आधी तिकडे वळवावा. कॉम्प्युटर हप्त्याने घ्यायचा आणि हातातल्या रोखीचे शेअर घ्यायचे, हा म्हणजे कर्ज काढून सट्टा झाला, मग त्या हप्त्याला नो कॉस्ट म्हणोत वा आणखी काही.

मार्ग तीन आहेत. भारतातल्या कंपन्या घेताना लक्षात ठेवावे की टीसीएस, इन्फोसिस, विप्रो किंवा पर्सिस्टंट यांच्यासारख्या निफ्टी आयटी निर्देशांकातल्या कंपन्या प्रामुख्याने परदेशी ग्राहकांना सेवा विकतात. सांगलीत कॉम्प्युटर किती खपले याच्याशी त्यांचा संबंध नाही. हार्डवेअरच्या जवळ जायचे, तर जोडणी करणारी डिक्सन आणि वितरण करणाऱ्या रेडिंग्टन व राशी पेरिफेरल्स या कंपन्या आहेत. वितरणात उलाढाल प्रचंड आणि नफ्याचे प्रमाण फार थोडे असते. अडतीचा धंदा पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको. वार्षिक अहवालात मालाचा साठा आणि येणे बाकी हे दोन आकडे विक्रीपेक्षा वेगाने वाढत असतील, तर सावध व्हावे.

दुसरा मार्ग नॅसडॅक १०० (अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारातल्या मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) सारख्या निर्देशांकावर चालणाऱ्या भारतीय म्युच्युअल फंडांचा आहे आणि बहुतेकांसाठी मला तोच बरा वाटतो. या फंडांच्या परदेशी गुंतवणुकीवर संपूर्ण उद्योगासाठी ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे, ती भरत आली की फंड नवे पैसे घेणे थांबवतात. ईटीएफसाठी, म्हणजे शेअरसारखी बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या फंडांसाठी, वेगळी मर्यादा १ अब्ज डॉलरची आहे. ती भरली की नवी युनिट तयार होत नाहीत आणि बाजारात ईटीएफचा भाव त्याच्या खऱ्या मूल्यापेक्षा वर चढतो. खरेदीपूर्वी फंडाच्या संकेतस्थळावरचे चालू मूल्य आणि शेअर बाजारातला भाव समोरासमोर ठेवावेत. फरक मोठा असेल, तर त्या दिवशी खरेदी टाळावी.

तिसरा मार्ग थेट अमेरिकन शेअर घेण्याचा. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात आणि वर्षात १० लाख रुपयांपुढच्या गुंतवणुकीच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (कंपनी नव्हे, पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर) कापला जातो, जो पुढे कराच्या हिशेबात वळता होतो. लाभांशावर अमेरिकेत २५ टक्के कर कापतात. असा एक जरी शेअर असला, तरी विवरणपत्रात परकीय मालमत्तेच्या तक्त्यात त्याची नोंद करावी लागते, आणि ती कॅलेंडर वर्षानुसार. दोन-चार हजारांच्या हौसेसाठी सनदी लेखापालाची फी त्याहून जास्त होते, हे आधीच धरून चालावे.

भारतीय शेअर बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकले, तर वर्षाला १.२५ लाखांवरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो, त्याआधी विकले तर २० टक्के. परदेशी शेअरला दीर्घ मुदत २४ महिन्यांची आहे, त्यानंतर १२.५ टक्के आणि त्याआधी आपल्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार.

फ्युचर्स आणि ऑप्शन्सकडे, म्हणजे पुढच्या भावावर केलेल्या सौद्यांकडे, मात्र ढुंकूनही पाहू नये. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला. व्हॉट्सअ‍ॅप गटावर टिप देणारा किंवा दरमहा ठरावीक टक्के परतावा देतो म्हणणारा कुणी भेटला, तर त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासावा, मग तो नात्यातला का असेना. पैसे गेल्याचे लक्षात आले, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पहिल्या काही तासांतच रक्कम गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.

शेवटची पायरी वहीची. एका पानावर तारीख, कंपनी किंवा फंड, भाव, रक्कम आणि घेण्याचे कारण असे पाच रकाने आखावेत, आणि कारण खरेदीच्या आधी लिहावे. दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी ते पान उघडून प्रत्येक कारण अजून लागू आहे का एवढेच पाहावे, भाव नंतर पाहावा. माझ्या वहीत २०२१ च्या त्या नोंदीपुढे कारणाच्या रकान्यात लिहिले आहे : 'तिसऱ्या मजल्यावरसुद्धा लॅपटॉप आला.'